अज्ञातहेतुक सीडी४ लसीकापेशी-न्यूनता

अज्ञातहेतुक सीडी४ लसीकापेशी-न्यूनता हा प्रौढ वयात आढळणारा रोगप्रतिकारसंस्थेचा एक दुर्मीळ विकार आहे. या विकारात रक्तातील सीडी४ प्रकारच्या टी-लसीकापेशींची संख्या दीर्घकाळ कमी राहते. परंतु एचआयव्हीचा संसर्ग, ज्ञात आनुवंशिक दोष, औषधांचा परिणाम किंवा अन्य आजार यांपैकी कोणतेही कारण त्यामागे सापडत नाही. इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून वैद्यकीय व्यवहारात या विकाराला 'आयसीएल' असे संक्षिप्त नाव आहे. १९९२ साली अमेरिकेतील रोग नियंत्रण केंद्राने (सीडीसी) त्याची व्याख्या प्रथम निश्चित केली. हा विकार एड्ससारखा भासत असला, तरी तो एड्स नव्हे आणि तो एका व्यक्तीकडून दुसऱ्या व्यक्तीकडे पसरतो असा पुरावा मिळालेला नाही.

काही रुग्णांना कोणताही त्रास होत नाही आणि दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या रक्ततपासणीत ही न्यूनता लक्षात येते. इतरांमध्ये मात्र मेंदूच्या आवरणाचा कवकजन्य दाह, क्षयरोगाशी नाते सांगणाऱ्या जीवाणूंचा संसर्ग, वारंवार होणारी नागीण किंवा चिवट चामखिळी अशा रूपांनी ती प्रकट होते.

नाव आणि संज्ञा

वैद्यकशास्त्रात ज्या रोगाचे कारण ठरवता येत नाही, त्याला 'अज्ञातहेतुक' असे विशेषण लावतात. त्यामुळे हे नाव एखाद्या विशिष्ट रोगप्रक्रियेचे नसून शोध घेऊनही कारण न सापडल्याची नोंद आहे. पुढील काळात एखाद्या रुग्णात निश्चित कारण सापडल्यास तो रुग्ण या वर्गातून बाहेर पडतो आणि त्याच्या आजाराला वेगळे नाव मिळते. या कारणाने आयसीएल हा एकच रोग नसून वरवर सारख्या दिसणाऱ्या अनेक विकारांचा समूह असावा, असे मत बहुतेक अभ्यासक मांडतात.

'सीडी४' हे पेशीच्या पृष्ठभागावरील एका प्रथिनाचे नाव आहे. पांढऱ्या पेशींवरील अशा ओळखखुणांना आंतरराष्ट्रीय पद्धतीनुसार क्रमांक देण्यात आले आहेत. त्यांपैकी चौथ्या क्रमांकाची खूण धारण करणाऱ्या टी-लसीकापेशी म्हणजे सीडी४ पेशी होत.

सीडी४ पेशींचे कार्य

रक्तातील पांढऱ्या पेशींपैकी लसीकापेशींचे बी-पेशी, टी-पेशी आणि नैसर्गिक मारक पेशी असे तीन मुख्य गट आहेत. टी-पेशींचा उगम अस्थिमज्जेत होतो. पण त्यांची जडणघडण छातीच्या पोकळीत, उरोस्थीमागे असलेल्या यौवनलोपी ग्रंथीत पूर्ण होते. ही ग्रंथी बालपणी मोठी असते आणि वयात आल्यावर हळूहळू आक्रसत जाते.

टी-पेशींमधील सीडी४ पेशींना 'साहाय्यक पेशी' म्हणतात. रोगजंतूला त्या बहुधा स्वतः मारत नाहीत. रोगजंतूंचे अंश ओळखून त्या रासायनिक संदेश पाठवतात. या संदेशांमुळे बी-पेशी परिणामकारक प्रतिपिंडे तयार करतात, सीडी८ पेशी विषाणुग्रस्त पेशींचा नाश करतात आणि भक्षकपेशी आपल्या पोटात घेतलेल्या जंतूंना मारण्यास समर्थ होतात. क्षयरोगाचे जीवाणू व काही कवके भक्षकपेशींच्या आतच जिवंत राहतात. सीडी४ पेशींचा संदेश न मिळाल्यास भक्षकपेशींना ती नष्ट करता येत नाहीत. त्यामुळे या पेशी कमी झाल्यावर सर्वच जंतूंचा धोका सारखा वाढत नाही. पेशींच्या आत दडून राहणारे जंतू, कवके आणि शरीरात सुप्तावस्थेत असलेले विषाणू यांना विशेष संधी मिळते. म्हणून अशा संसर्गांना 'संधिसाधू संसर्ग' असे म्हणतात.

निरोगी प्रौढ व्यक्तीच्या रक्तात दर घनमिलिमीटरला साधारणपणे ५०० ते १,५०० सीडी४ पेशी असतात. हा आकडा स्थिर नसतो. दिवसाच्या वेगवेगळ्या वेळी, व्यायामानंतर, तापात, मानसिक व शारीरिक ताणात आणि गरोदरपणात तो बदलतो. म्हणून एकाच तपासणीवरून न्यूनतेचा निष्कर्ष काढता येत नाही.

इतिहास

१९८० च्या दशकात एड्सचे कारण एचआयव्ही हा विषाणू असल्याचे सिद्ध झाले आणि सीडी४ पेशींची गणना हे त्या रोगाची प्रगती मोजण्याचे साधन बनले. त्यापूर्वी या पेशींची मोजणी फारशी होत नसे. गणनेचा प्रसार झाल्यावर सीडी४ पेशी अत्यंत कमी असूनही एचआयव्हीचा मागमूस नसलेले काही रुग्ण डॉक्टरांच्या पाहण्यात येऊ लागले.

जुलै १९९२ मध्ये ॲमस्टरडॅम येथे भरलेल्या आठव्या आंतरराष्ट्रीय एड्स परिषदेत अशा रुग्णांची चर्चा झाली आणि ती वार्ता जगभरच्या वृत्तपत्रांत पोहोचली. चाचणीत न सापडणारा एड्सचा नवा विषाणू आला असावा, अशी भीती पसरली. रक्तपेढ्यांतील रक्त सुरक्षित आहे काय, हा प्रश्नही विचारला जाऊ लागला. त्याच सुमारास कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन येथील शाखेतील भारतीय वंशाचे प्रतिरक्षाशास्त्रज्ञ सुधीर गुप्ता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा एका ६६ वर्षांच्या स्त्रीच्या व तिच्या मुलीच्या पेशींत विषाणूसदृश कण आढळल्याचे प्रसिद्ध केले होते. त्यामुळे चर्चेला अधिकच बळ मिळाले. मात्र तो कण या विकाराचे कारण असल्याचे पुढील संशोधनातून सिद्ध झाले नाही.

ऑगस्ट १९९२ मध्ये सीडीसीने अटलांटा येथे तज्ज्ञांची बैठक बोलावली आणि विकाराला नाव व व्याख्या दिली. त्यानंतर संस्थेने आपल्याकडील एड्सविषयक २,३०,१७९ नोंदी तपासल्या. या नोंदी व डॉक्टरांनी कळवलेली माहिती यांच्या छाननीतून ४७ रुग्ण व्याख्येत बसले. त्यांपैकी १९ जणांना एड्समध्ये दिसणारे संधिसाधू आजार झाले होते, २५ जणांना अन्य आजार होते आणि ३ जणांना कोणतीही लक्षणे नव्हती. फेब्रुवारी १९९३ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन' या नियतकालिकात हा अभ्यास, अन्य संशोधकांच्या रुग्णमालिका आणि अँथनी फाउची यांचे संपादकीय एकत्रच प्रसिद्ध झाले.

या अभ्यासांतून काही गोष्टी स्पष्ट झाल्या. रुग्ण निरनिराळ्या वयाचे आणि निरनिराळ्या प्रदेशांतील होते. त्यांचे कोठेही पुंजके आढळले नाहीत. त्यांचे जोडीदार, निकटवर्ती आणि रक्तदाते यांच्यात हा विकार दिसला नाही. शिवाय एचआयव्हीच्या रुग्णात उपचारांविना सीडी४ पेशी क्रमाक्रमाने घटत जातात. या रुग्णांपैकी अनेकांत मात्र त्या कमी असूनही स्थिर राहिल्या, काहींत तर वाढल्या. त्यामुळे नव्या संसर्गजन्य रोगाची शंका मागे पडली.

एचआयव्हीमुळे एड्स होत नाही असा दावा करणाऱ्यांनी या रुग्णांचा दाखला आपल्या बाजूने देण्याचा प्रयत्न केला. वस्तुतः लक्षावधी नोंदींमधून काही मोजकेच रुग्ण निघाल्याने एचआयव्ही आणि एड्स यांचा संबंध दुर्बळ न होता अधिकच ठळक झाला.

व्याख्या

सीडीसीच्या व्याख्येनुसार पुढील तीनही अटी पूर्ण व्हाव्या लागतात.

१. रक्तातील सीडी४ टी-पेशींची संख्या दर घनमिलिमीटरला ३०० पेक्षा कमी असावी किंवा एकूण टी-पेशींत त्यांचे प्रमाण २० टक्क्यांहून कमी असावे. आणि असे एकाहून अधिक वेळा आढळावे. दोन तपासण्यांमध्ये सामान्यतः किमान सहा आठवड्यांचे अंतर ठेवले जाते.

२. एचआयव्ही संसर्गाचा प्रयोगशालेय पुरावा नसावा.

३. सीडी४ पेशी कमी करणारी अन्य ज्ञात प्रतिकारन्यूनता किंवा उपचार नसावेत.

लहान मुलांमध्ये लसीकापेशींची संख्या मुळातच प्रौढांपेक्षा पुष्कळ अधिक असते. त्यामुळे ३०० ही मर्यादा त्यांना जशीच्या तशी लागू पडत नाही. बालवयात अशी न्यूनता आढळल्यास प्रथम आनुवंशिक दोषाचा शोध घेतला जातो.

लक्षणे आणि आनुषंगिक आजार

सीडी४ पेशींच्या न्यूनतेला स्वतःची अशी लक्षणे नसतात. दिसतात ती तिच्यामुळे झालेल्या आजारांची. निदान बहुधा मध्यमवयात होते आणि हा विकार स्त्री-पुरुष दोघांतही आढळतो.

क्रिप्टोकॉकस संसर्ग. हा या विकारातील सर्वांत परिचित गंभीर आजार होय. क्रिप्टोकॉकस हे यीस्टसारखे कवक असून ते पारव्यांच्या विष्ठेने दूषित झालेल्या मातीत आणि कुजक्या लाकडात वाढते. भारतीय संशोधकांना ते जांभळासारख्या जुन्या झाडांच्या ढोल्यांतही सापडले आहे. त्याचे कण श्वासावाटे पुष्कळांच्या शरीरात जातात. निरोगी माणसाची प्रतिकारसंस्था त्यांना फुप्फुसातच आवरून धरते. सीडी४ पेशी कमी असल्यास कवक रक्तावाटे मेंदूच्या आवरणापर्यंत पोहोचते. आठवडेच्या आठवडे टिकणारी आणि वाढत जाणारी डोकेदुखी, ताप, उलट्या, दुहेरी दिसणे, वागण्यातील बदल व गुंगी ही त्याची लक्षणे आहेत. रुग्णाला एचआयव्ही नाही म्हणून या आजाराची शंकाच घेतली गेली नाही, तर निदानास विलंब होतो आणि तो विलंब जीवघेणा ठरू शकतो.

जीवाणुसंसर्ग. क्षयरोगाच्या जीवाणूंच्या कुळातील, परंतु क्षयरोग न घडवणारे माती-पाण्यातील जीवाणू फुप्फुसे, लसीकाग्रंथी किंवा सर्व शरीरात पसरतात. जेथे क्षयरोग मोठ्या प्रमाणावर आहे तेथे क्षयरोगही होतो.

विषाणुसंसर्ग. नागीण पुन्हा पुन्हा होणे किंवा शरीराच्या अनेक भागांवर पसरणे, हातापायांवर व जननेंद्रियांवर असंख्य चामखिळी येणे, मोलस्कम या विषाणूमुळे त्वचेवर मोत्यासारखे फोड उठणे ही उदाहरणे होत. मानवी पॅपिलोमा विषाणूचा (एचपीव्ही) संसर्ग दीर्घकाळ राहिल्यास गर्भाशयमुख, गुदद्वार आदी ठिकाणी कर्करोग उद्भवू शकतो. क्वचित प्रसंगी मेंदूतील श्वेतद्रव्याचा नाश करणारा जेसी विषाणूचा आजारही होतो.

इतर. न्यूमोसिस्टिस या कवकामुळे होणारा न्यूमोनिया, तोंडात व अन्ननलिकेत वाढणारी कँडिडा बुरशी, लसीकार्बुद (लिम्फोमा) आणि स्वप्रतिरक्षा विकार हेही नोंदले गेले आहेत. एका बाजूने प्रतिकारशक्ती दुबळी आणि दुसऱ्या बाजूने तीच स्वतःच्या शरीरावर उलटलेली, असा विरोधाभास काही रुग्णांत दिसतो. प्रतिकारसंस्थेच्या नियंत्रणाचे कामही टी-पेशींकडेच असल्याने असे घडते.

मोठे अभ्यास

२००८ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतील (एनआयएच) संशोधकांनी ३९ रुग्णांच्या दीर्घ पाठपुराव्याचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. क्रिप्टोकॉकस आणि क्षयेतर जीवाणू हे त्यांच्यातील प्रमुख संधिसाधू संसर्ग होते. ७ रुग्णांच्या सीडी४ पेशी कालांतराने पूर्ववत झाल्या. ज्यांच्या सीडी८ पेशीही कमी होत्या, त्यांची वाटचाल अधिक कठीण ठरली.

व्याख्या ठरल्यानंतर तीस वर्षांनी, २०२३ साली, याच संस्थेने ९१ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात २९ टक्के रुग्णांना एचपीव्हीशी संबंधित आजार, २४ टक्के रुग्णांना क्रिप्टोकॉकस संसर्ग, ९ टक्के रुग्णांना मोलस्कम आणि ५ टक्के रुग्णांना क्षयेतर जीवाणूंचा संसर्ग झाला होता. ज्यांच्या सीडी४ पेशी १०० हून कमी होत्या, त्यांना संधिसाधू संसर्गाचा आणि कर्करोगाचा धोका अधिक होता. स्वप्रतिरक्षा विकारांचा धोका मात्र त्यांच्यात तुलनेने कमी होता. या रुग्णांमधील मृत्यूचा धोका समान वयाच्या व लिंगाच्या सामान्य लोकसंख्येइतकाच असल्याचे दिसून आले. योग्य देखरेख मिळाल्यास या विकारासह दीर्घ आयुष्य जगता येते, हा या अभ्यासाचा महत्त्वाचा निष्कर्ष होय.

कारणमीमांसा

सीडी४ पेशी कमी होण्याचे मार्ग मुख्यतः तीन असू शकतात : त्यांची निर्मिती घटणे, त्यांचा नाश वाढणे किंवा रक्तातून निघून त्या ऊतींमध्ये अडकून राहणे. आयसीएलमध्ये या तीनही शक्यतांचा अभ्यास झाला आहे.

निर्मितीतील घट. काही रुग्णांत यौवनलोपी ग्रंथीतून बाहेर पडणाऱ्या नव्या टी-पेशी कमी असतात. टी-पेशींच्या वाढीस व जगण्यास आवश्यक असलेल्या इंटरल्युकिन-७ या संदेशवाहक प्रथिनाला पेशी पुरेसा प्रतिसाद देत नाहीत, असेही काहींत आढळले आहे.

नाशातील वाढ. अनेक रुग्णांच्या उरलेल्या सीडी४ पेशी सतत उत्तेजित अवस्थेत असतात आणि पेशींचा नियोजित मृत्यू वेगाने घडतो. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात पुष्कळ रुग्णांच्या रक्तात स्वतःच्याच सीडी४ पेशींना चिकटणारी प्रतिपिंडे सापडली. ही प्रतिपिंडे पेशींचा नाश घडवून आणू शकतात. त्यामुळे निदान काही रुग्णांत तरी हा विकार मूलतः स्वप्रतिरक्षेचा असावा, या मताला आधार मिळाला.

आनुवंशिक दोष. जनुकीय क्रमनिर्धारण सुलभ झाल्यापासून आयसीएल समजल्या गेलेल्या काही रुग्णांत निश्चित जनुकदोष आढळले आहेत. प्रतिजनग्राहक घडवणाऱ्या आरएजी१ या जनुकातील सौम्य दोष, टी-पेशींच्या मॅग्नेशियम-वहनाशी संबंधित एमएजीटी१ या जनुकातील दोष आणि एका रुग्णात वर्णिलेला यूएनसी११९ या जनुकातील बदल ही त्याची उदाहरणे होत. तथापि बहुसंख्य रुग्णांत कुटुंबात कोणालाही असा विकार नसतो आणि एकही निश्चित जनुकदोष सापडत नाही.

निदान

आयसीएलचे निदान एखाद्या चाचणीने होत नाही. इतर सर्व कारणे एकेक करून वगळल्यानंतरच ते करता येते. सीडी४ पेशींची गणना फ्लो सायटोमीटर या यंत्राने करतात. रक्ताच्या नमुन्यात प्रकाशमान रंगद्रव्य जोडलेली प्रतिपिंडे मिसळतात. ती सीडी४ खुणेला चिकटतात. मग पेशी एकामागून एक लेसर किरणासमोरून नेल्या जातात आणि यंत्र चमकणाऱ्या पेशी मोजते.

एचआयव्ही वगळण्यासाठी प्रतिपिंड चाचणीबरोबरच विषाणूच्या जनुकद्रव्याची चाचणीही करतात, कारण संसर्गाच्या अगदी सुरुवातीस प्रतिपिंडे तयार झालेली नसतात. पश्चिम भारतात एचआयव्ही-१ बरोबर एचआयव्ही-२ हा प्रकारही आढळला आहे. त्यामुळे दोन्ही प्रकार ओळखणारी चाचणी आवश्यक असते.

त्यानंतर वगळावयाची प्रमुख कारणे अशी :

• स्टेरॉइडे, कर्करोगावरील औषधे, प्रतिकारदमन करणारी औषधे आणि किरणोपचार
• क्षयरोग आणि अन्य तीव्र संसर्ग
• लसीकार्बुद व रक्ताचे अन्य कर्करोग
• ल्युपस, शोग्रेन विकार, सार्कॉइडोसिस
• यौवनलोपी ग्रंथीची गाठ
• आतड्यातून किंवा लसीकावाहिन्यांतून होणारा लसीकापेशींचा ऱ्हास
• कुपोषण, यकृताचे जुने आजार, मोठी शस्त्रक्रिया, भाजणे
• आनुवंशिक प्रतिकारन्यूनता

प्रौढांतील आणखी दोन विकारांपासून आयसीएल वेगळा ओळखावा लागतो. 'सामान्य चल प्रतिकारन्यूनता' (सीव्हीआयडी) या विकारात मुख्य दोष प्रतिपिंडांच्या निर्मितीत असतो आणि वारंवार सायनसदाह व न्यूमोनिया होतात. दुसऱ्या विकारात सीडी४ पेशींची संख्या पुरेशी असते. परंतु इंटरफेरॉन-गॅमा या संदेशवाहक प्रथिनाविरुद्ध शरीर प्रतिपिंडे तयार करते आणि संदेश निष्फळ होतो. या दुसऱ्या विकाराचे रुग्ण प्रामुख्याने थायलंड व तैवान येथून नोंदले गेले असून २०१२ साली त्याचे सविस्तर वर्णन झाले.

क्षयरोग आणि निदानातील पेच

भारतीय परिस्थितीत निदानातील सर्वांत मोठी अडचण क्षयरोगाची आहे. सीडी४ पेशी कमी असल्यास क्षयरोगाचा धोका वाढतो हे खरे; पण एचआयव्ही नसलेल्या व्यक्तीतही तीव्र क्षयरोगामुळे सीडी४ पेशी घटतात. आधी कोण आणि मागून कोण, हे त्या क्षणी ठरवता येत नाही. क्षयरोगाचे उपचार पूर्ण झाल्यावर या पेशी बहुधा पूर्वपदावर येतात. म्हणून क्षयरोग सुरू असताना केलेल्या गणनेवरून आयसीएलचे निदान करणे घाईचे ठरते. उपचार संपल्यानंतर पुन्हा मोजणी करूनही संख्या कमीच राहिल्यास या विकाराचा विचार केला जातो.

उपचार

या विकारावर सर्वमान्य असा मूलगामी उपचार नाही. उपचारांची दिशा पुढील तीन उद्दिष्टांनी ठरते.

संसर्गाचा उपचार. जो संसर्ग झाला असेल त्यावर पूर्ण मात्रेत व पुरेसा काळ औषधे दिली जातात. क्रिप्टोकॉकसजन्य मस्तिष्कावरणदाहात प्रारंभी ॲम्फोटेरिसिन-बी आणि फ्लुसायटोसिन व त्यानंतर दीर्घकाळ फ्लुकोनॅझोल असा क्रम असतो. कवटीतील दाब वाढल्यास पाठीच्या कण्यातून पाणी पुन्हा पुन्हा काढावे लागते. हा दाब न उतरल्यास दृष्टी जाऊ शकते.

प्रतिबंध. सीडी४ पेशी २०० हून कमी असल्यास न्यूमोसिस्टिस टाळण्यासाठी एचआयव्हीच्या धर्तीवर कोट्रायमॉक्सॅझोल हे औषध देण्याचा प्रघात आहे. बीसीजी, गोवर-गालगुंड-रुबेला, कांजिण्या यांच्या जिवंत जंतूंपासून बनवलेल्या लसी अशा रुग्णांना सामान्यतः देत नाहीत. इन्फ्लुएंझा, न्यूमोकॉकस, एचपीव्ही यांच्या निर्जीव लसी मात्र देता येतात. स्त्रियांनी गर्भाशयमुखाची नियमित तपासणी करून घेणे आणि त्वचेवरील बदलांकडे लक्ष ठेवणे महत्त्वाचे मानले जाते. पारव्यांची विष्ठा साचलेल्या गच्च्या व वळचणी स्वतः झाडण्याचे रुग्णांनी टाळावे, असाही सल्ला दिला जातो.

पेशींची संख्या वाढवणे. इंटरल्युकिन-२ या प्रथिनाचा उपयोग काही रुग्णांत करण्यात आला आहे. इंटरल्युकिन-७ दिल्याने टी-पेशी वाढतात असे २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या चाचणीत दिसले. परंतु हा उपचार अद्याप नित्याचा झालेला नाही. निवडक व गंभीर रुग्णांत दात्याच्या रक्तजनक मूलपेशींचे प्रत्यारोपण करण्यात आले आहे. ते स्वतःच जोखमीचे असल्याने त्याचा निर्णय फार विचारपूर्वक घेतला जातो. एचआयव्हीवरील औषधांचा या विकारात उपयोग नाही, कारण ज्या विषाणूवर ती काम करतात तो येथे नसतोच.

लक्षणे नसलेल्या व्यक्तीस केवळ कमी आकड्यासाठी औषधे देण्याऐवजी ठरावीक काळाने तपासणी करीत राहणे बहुधा पुरेसे असते.

भारत आणि महाराष्ट्र

भारतातील वैद्यकीय नियतकालिकांत आयसीएलच्या एकेकट्या रुग्णांची वृत्ते प्रसिद्ध होत आली आहेत. पुष्कळदा एचआयव्ही नसलेल्या व्यक्तीला क्रिप्टोकॉकसजन्य मस्तिष्कावरणदाह होतो आणि त्याचे कारण शोधताना सीडी४ पेशींची न्यूनता उघडकीस येते, असा या वृत्तांचा क्रम असतो.

सीडी४ गणनेची सोय भारतात प्रामुख्याने एचआयव्ही कार्यक्रमामुळे उपलब्ध झाली. १९८६ साली चेन्नई येथे सुनीती सोलोमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी देशातील पहिले एचआयव्ही संसर्ग ओळखले. आयसीएलची व्याख्या झाली त्याच वर्षी, १९९२ मध्ये, राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना (नॅको) आणि पुण्याजवळ भोसरी येथील राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था या दोन्हींचा आरंभ झाला. पुण्याच्या या संस्थेचे आता राष्ट्रीय अनुवादात्मक विषाणुशास्त्र व एड्स संशोधन संस्था असे नामांतर झाले आहे. निरोगी भारतीयांत सीडी४ पेशींची सामान्य मर्यादा किती, यावर या संस्थेसह देशातील अनेक केंद्रांनी काम केले आहे. असे स्थानिक मापदंड नसतील, तर कोणती संख्या 'कमी' मानावी याचा निर्णय परदेशी आकड्यांवर अवलंबून राहतो.

मुंबईत परळ येथे केईएम रुग्णालयाच्या आवारात भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची (आयसीएमआर) राष्ट्रीय प्रतिरक्षा-रुधिरशास्त्र संस्था आहे. १९५७ साली रक्तगट संदर्भ केंद्र म्हणून सुरू झालेली ही संस्था आज प्राथमिक प्रतिकारन्यूनतांच्या निदानासाठी देशातील प्रमुख केंद्रांपैकी एक आहे. लसीकापेशींच्या उपप्रकारांची गणना व जनुकीय चाचण्या येथे होतात. आनुवंशिक प्रतिकारन्यूनता वगळल्याशिवाय आयसीएलचे निदान पूर्ण होत नसल्याने अशा संस्थांचे साहाय्य निर्णायक ठरते.

नवी मुंबईत खारघर येथे टाटा स्मारक केंद्राचे कर्करोग प्रगत उपचार, संशोधन व शिक्षण केंद्र (ॲक्ट्रेक) आहे. टाटा स्मारक रुग्णालयात १९८३ साली सुरू झालेला अस्थिमज्जा प्रत्यारोपणाचा कार्यक्रम पुढे खारघरला हलवण्यात आला. हे केंद्र मुख्यतः कर्करोगासाठी असले, तरी लसीकार्बुदाचे निदान, लसीकापेशींचे सूक्ष्म परीक्षण व मूलपेशी-प्रत्यारोपण ही त्याची कार्यक्षेत्रे या विकाराच्या अभ्यासाशी थेट जोडलेली आहेत.

केंद्र शासनाच्या २०२१ च्या राष्ट्रीय दुर्मीळ आजार धोरणात काही आनुवंशिक प्रतिकारन्यूनतांचा समावेश असून मुंबईचे केईएम रुग्णालय हे त्यातील उत्कृष्टता केंद्रांपैकी एक आहे.

सामाजिक पैलू

या विकाराच्या रुग्णांपुढे आजाराइतकाच संशयाचाही प्रश्न असतो. सीडी४ गणना, संधिसाधू संसर्ग, कोट्रायमॉक्सॅझोलच्या गोळ्या हे सारे शब्द लोकांच्या मनात एड्सशी जोडलेले आहेत. त्यामुळे एचआयव्ही चाचणी नकारात्मक असूनही नातेवाइकांचा, शेजाऱ्यांचा आणि कधी कधी आरोग्यसेवकांचाही विश्वास बसत नाही. चाचणी पुन्हा पुन्हा केली जाते. विवाह, नोकरी व निवास यांबाबत अडचणी उद्भवू शकतात. हे टाळण्यासाठी निदानपत्रावर 'एचआयव्ही नाही' आणि 'संसर्गजन्य नाही' असा स्पष्ट उल्लेख असणे उपयुक्त ठरते.

१० सप्टेंबर २०१८ पासून अमलात आलेल्या एचआयव्ही आणि एड्स (प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम, २०१७ नुसार एचआयव्ही चाचणीपूर्वी व्यक्तीची माहितीपूर्ण संमती घेणे आणि तिची माहिती गोपनीय ठेवणे बंधनकारक आहे. एचआयव्हीबाधितांविषयीचा भेदभावही या कायद्याने निषिद्ध ठरवला आहे. एचआयव्हीविषयीचा कलंक जितका कमी होईल, तितकी आयसीएलच्या रुग्णांवरील संशयाची छायाही विरळ होईल.

दुसरी अडचण कारण ठाऊक नसण्याची आहे. 'मला हे का झाले?' या रुग्णाच्या प्रश्नाला निश्चित उत्तर देता येत नाही. या अनिश्चिततेचा फायदा घेऊन 'प्रतिकारशक्ती वाढवणाऱ्या' चूर्णांची व काढ्यांची जाहिरात केली जाते. अशा कोणत्याही पदार्थाने या विकारातील सीडी४ पेशी वाढल्याचे सिद्ध झालेले नाही. काही पदार्थांत छुपी स्टेरॉइडे मिसळलेली असल्यास ती या पेशी आणखी कमी करू शकतात.

हेही पाहा

• रोगप्रतिकारक्षमता
• लसीका तंत्र
• एचआयव्ही आणि एड्स
• क्षयरोग
• मस्तिष्कावरणदाह
• स्वप्रतिरक्षा विकार
• अस्थिमज्जा प्रत्यारोपण